नावाच्या आधी

१ ऑगस्टला आमच्या भागातल्या एका वाचनालयात दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा असते. गट पाचवी ते सातवी. टेबलावर दोन फोटो, एक टिळकांचा, एक अण्णाभाऊ साठ्यांचा, दोघांनाही झेंडूचे हार, आणि बाहेर धो धो पाऊस असल्यामुळे हॉलभर ओल्या रेनकोटांचा आणि ओल्या मोज्यांचा वास. परीक्षक म्हणून मी आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. शेंगांच्या टरफलांची गोष्ट जवळजवळ प्रत्येकाने सांगितली, त्यात नवल नाही. पण घट्ट दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने ती अशी सांगितली, की जणू ती स्वतः त्या वर्गात मागच्या बाकावर बसली होती. "बाळला काही कळेना. शेंगा खाल्ल्या कुणी, टरफलं उचलायची कुणी!" असं म्हणून तिने कमरेवर हात ठेवले. हॉल हसला. पालकांनीही टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी सरांनी गुणपत्रिकेवर आधी लिहिलेला आकडा खोडला आणि शेजारी कमी आकडा लिहिला.

मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "एकदाही लोकमान्य म्हणाली नाही. बाळ काय बाळ? घरातला आहे का?"

मी म्हटलं, "सर, त्या वर्गात कुठे ते लोकमान्य होते?"

"पण आज आहेत ना?" सर म्हणाले, आणि पुढच्या स्पर्धकाचं नाव पुकारलं.

मुलीला उत्तेजनार्थ मिळालं. सर काही खडूस नव्हेत. नंतर त्याच मुलीला त्यांनी पाठीवर थाप मारून स्वतःच्या वाटणीचा बटाटेवडा दिला. मला टोचत राहिलं ते गुणांचं नव्हे, "घरातला आहे का?" हे. कारण आपल्याकडे खरा प्रश्न नेहमी तोच असतो. कोण घरातलं, कोण फोटोतलं. आणि एकदा माणूस फोटोत गेला की त्याला बाळ म्हणण्याची सोय बंद.

घरी येऊन जुन्या इतिहासाच्या वह्या आठवत बसले. आमच्या वेळी 'जोड्या लावा' असायच्या. अ गटात पंजाब केसरी, देशबंधू, दीनबंधू, नेताजी, सरदार. ब गटात लाला लजपतराय, चित्तरंजन दास, अँड्र्यूज आणि पुढचे. रेघा मारायच्या, पट्टी लावून, नाहीतर बाई वही फेकायच्या. एक बरोबर आला की उरलेले आपोआप जुळायचे, त्यामुळे या प्रश्नाला सगळ्यांनाच पैकीच्या पैकी. आणि वर्तमानपत्रांनी तर या उपाध्यांची अक्षरं करून टाकली होती: लो. टिळक, म. फुले, म. गांधी, ना. गोखले, स्वा. सावरकर. लहानपणी मला खरंच वाटायचं की 'म.' हे फुल्यांच्या आणि गांधींच्या घरातलं काहीतरी सारखं नाव असणार. हे नावापुढे कुणी लावलं, कुठे लावलं, लावलं तेव्हा शेजारपाजारचे काय म्हणाले, हे 'जोड्या लावा'मध्ये नसतं. मला आता त्यातच रस आहे.

म. फुल्यांचंच घ्या. त्या 'म.'ला पत्ता आहे, तारीख आहे. मुंबईत मांडवीचा कोळीवाडा, ११ मे १८८८. जोतीराव साठीच्या पलीकडे गेलेले. मे महिना, मुंबईचा उकाडा, मांडवीचा तो बंदराचा भाग. गोण्यांचा, सुक्या मासळीचा वास तिथल्या सभागृहात आल्याशिवाय राहिला नसेल. रावबहादूर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकरांच्या हस्ते सत्कार झाला आणि जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली गेली. मला यातला 'रावबहादूर' फार आवडतो. स्वतःच्या नावापुढे सरकारने दिलेली पदवी मिरवणारा माणूस उभा राहतो आणि दुसऱ्या माणसाला सरकारच्या यादीत नसलेली पदवी देतो. म्हणजे देण्याघेण्याच्या चालीरीती सरकारच्याच, फक्त देणारे बदलले. आणि दोनच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला हेच जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. राणीच्या पोराला त्यांनी भर सभेत सांगितलं की इथे बसलेली ही दागदागिन्यांनी मढलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. हिंदुस्थान बघायचा तर खेड्यांत जा. त्या मेजवानीतल्या किती जणांना मे महिन्यात ही महात्मा पदवी रुचली असेल? ज्या पुण्यात या माणसावर आणि त्याच्या बायकोवर शेण-चिखल फेकला गेला, त्या पुण्याच्या नाकावर टिच्चून मुंबईच्या कष्टकरी वस्तीने त्याला महात्मा म्हटलं. ती पदवी नव्हती नुसती, ते भांडण होतं. आम्ही कुणाच्या बाजूचे, हे चारचौघांत जाहीर करणं होतं.

म्हणून मला आता वाटतं, या सगळ्या उपाध्या जन्माला येताना भांडकुदळच होत्या. त्या सभ्य झाल्या नंतर.

पुण्याच्या तिघांकडे बघा. न्यायमूर्ती रानडे, नामदार गोखले, लोकमान्य टिळक. रानड्यांचं न्यायमूर्तिपद हायकोर्टाने दिलं, गोखल्यांचं नामदार कौन्सिलच्या, म्हणजे कायदेमंडळाच्या, खुर्चीबरोबर आलं. गोखल्यांना तर पुढे 'सर' होण्याचीही संधी आली आणि ती त्यांनी नाकारली, हे आपण विसरतो, कारण मवाळ म्हटलं की सरकारी पाट मिळाला की बसणारा माणूस, असं आपण कधीचं ठरवून टाकलंय. तिसऱ्याला ना कोर्टाने काही दिलं ना कौन्सिलने. कोर्टाने दिली ती शिक्षा. १८९७ ला एकदा, १९०८ ला पुन्हा. दुसऱ्या वेळी सहा वर्षं मंडाले. आणि त्या सहा वर्षांच्या शिक्षेला मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप करून उत्तर दिलं. पोलीस आणि लष्कर रस्त्यावर, गोळीबार, माणसं मेली. लोकमान्य हा शब्द कागदावर कुणी आधी लिहिला यावर वाद घालायचा तर घाला, पण त्याच्यावर शिक्का बसला तो १९०८ च्या जुलैत, गिरणगावात, आणि तो मारणाऱ्या बहुतेकांना केसरी वाचता येत नव्हता. दिवसाची मजुरी बुडवून ज्याला मान्य म्हटलं, तो लोकमान्य. आमच्या स्पर्धेत गुण जातील म्हणून म्हटलेला नव्हे.

विरोधकांनीही त्यांना पदव्या दिल्या. 'तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी' हे हिणवून म्हटलेलं. आज आम्ही ते १ ऑगस्टच्या भाषणांत छाती पुढे काढून म्हणतो. 'असंतोषाचे जनक' तर त्याहून मजेशीर. व्हॅलेंटाइन चिरोल या लंडनच्या 'टाइम्स'च्या माणसाने हे म्हटलं ते आरोप म्हणून. या चिरोलच्या पुस्तकातल्या मजकुरावरून टिळकांनी विलायतेला जाऊन बेअब्रूचा दावा लढवला, १९१९ ला तो हरले, खर्च लाखांत गेला. आणि आता चिरोलची शिवी आपल्या शाळांच्या भिंतींवर ऑइलपेंटने रंगवलेली असते, खाली 'जन्म' आणि 'मृत्यू' घालून. चिरोल जिंकला खटला, पण पुस्तकातलं त्याचं सगळ्यात जहाल वाक्य आम्ही उचलून हार घालून ठेवलं.

पण इथेच माझं मन दुभंगतं. कारण याच लोकमान्यांनी अथणीच्या सभेत, तेली-तांबोळी-कुणब्यांनी कौन्सिलात जाऊन करायचंय काय, अशा अर्थाचं बोलून घेतलंय. कौन्सिलमध्ये जाऊन काय नांगर धरायचाय, तागडी धरायचीय, हा सूर. कोल्हापूरकडच्या घरांत हे वाक्य आजही तोंडपाठ असतं. तिकडच्यांचे राजर्षी वेगळे, त्यांची पदवीही इकडची नव्हे. शाहू महाराजांना राजर्षी म्हटलं ते कानपूरच्या कुर्मी समाजाने, १९१९ साली. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणेतर चळवळीतल्या कितीतरी घरांत टिळकांचा फोटो कधी लागला नाही. लागला नाही म्हणून त्यांचं देशप्रेम कमी होतं असं कुणी म्हणू नये; आणि अथणीचं ते वाक्य काढलं म्हणून मंडाले खोटं ठरत नाही. दोन्ही खरं आहे. अडचण अशी की लोकमान्य एवढं एकदा नावापुढे ठोकलं की दुसरं काही विचारता येत नाही. विचारणारा लगेच लोकद्रोही. तेल्या-तांबोळ्यांचे पुढारी तेल्या-तांबोळ्यांबद्दल काय म्हणाले, हा प्रश्न सातवीच्या पोराने भाषणात काढला असता तर सरांनी किती गुण कापले असते कोण जाणे. माझ्या मते त्याला पहिला नंबर द्यायला हवा.

आगरकरांना बघा, त्यांच्यामागे कुणी पदवी लावली नाही. 'सुधारक' हे त्यांच्या पत्राचं नाव, तेवढंच चिकटलं. जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली लोकांनी. पदवी नसल्याचा फायदा एवढाच की आगरकरांशी अजूनही भांडता येतं.

१ ऑगस्ट १९२० हा दिवस मला या सगळ्या प्रकरणाचा सांधा वाटतो. मुंबईत सरदारगृहात टिळक गेले. पावसातून लोटलेली ती गर्दी, चौपाटीवरची चिता, हे आपल्याला सगळ्यांना माहीत. त्याच दिवशी वाटेगावात मांगवाड्यात अण्णाभाऊंचा जन्म. आणि त्याच दिवशी गांधींनी असहकार सुरू केला आणि आपलं कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयला परत पाठवलं. आदल्या वर्षी जालियनवाला बागेनंतर टागोरांनी 'सर' परत केलं होतंच. मग ती साथच आली. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी रायबहादुरी परत केली. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, या पदव्या मिळवण्यासाठी ज्यांनी कलेक्टरच्या बंगल्यावर आंब्याच्या पाट्या पोचवल्या होत्या, त्यांची त्या काळात कोण पंचाईत झाली असेल! ठेवावी तर बाजारात मान वर करता येत नाही, परत करावी तर जमिनीच्या दाव्यात मामलेदार बघून घेतो. बऱ्याच जणांनी ठेवली. घराच्या दारावरच्या संगमरवरी पाट्यांवर अजून दिसतात ती रावबहादूर मंडळी, जुन्या पेठांत, सातारा-सांगलीच्या गल्ल्यांत, पाटीवर वायरींचं जंजाळ आणि खाली केबलवाल्याचा डबा.

सरकारी पदव्या अशा गळत असताना लोकांच्या पदव्यांचं पीक आलं. ज्यांना त्या मिळाल्या त्यांतल्या काहींना त्यांचं ओझंच झालं. गांधींनी आत्मकथेच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की महात्मा या पदवीने त्यांना अनेकदा फार क्लेश दिले. वल्लभभाई १९२८ च्या बार्डोलीत सरदार झाले, सारावाढीविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांचे सरदार, आणि ती पदवी अशी चिकटली की पुढे देशाचे गृहमंत्री झाल्यावरही खातं मागे पडलं, सरदार पुढे राहिलं. सुभाषबाबूंना टागोरांनी देशनायक म्हटलं होतं. केवढ्या मोठ्या माणसाने दिलेली पदवी, तरी ती कुणाच्या तोंडी बसली नाही. बसली ती १९४२ मध्ये जर्मनीत त्यांच्याभोवती जमलेल्या हिंदी सैनिकांची, नेताजी. आणि याच नेताजींनी ६ जुलै १९४४ ला रंगूनहून रेडिओवर बोलताना गांधींना राष्ट्रपिता म्हटलं. काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून ज्यांच्यामुळे उतरावं लागलं, त्यांनाच. हे म्हणताना त्यांच्या मनात काय काय असेल, हे मला पट्टीने रेघ मारून सांगता येणार नाही.

लखनौच्या एका शाळकरी मुलीने २०१२ साली माहिती अधिकारात विचारलं होतं, की गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी सरकारने कधी दिली? गृहखात्याचं उत्तर आलं की राज्यघटनेच्या कलम १८ प्रमाणे शिक्षण आणि सैन्य सोडून सरकारला कुणाला पदवी देताच येत नाही. त्या मुलीचं मला कौतुक वाटतं आणि त्या उत्तर लिहिणाऱ्या कारकुनाचंही. एका ओळीत त्याने खरं ते लिहिलं. रावबहादुरांचा अनुभव गाठीशी असल्यामुळेच घटनाकारांनी ती दारं लावून घेतली. सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये भारतरत्न, पद्मश्री वगैरे हे पुरस्कार आहेत, पदव्या नव्हेत, नावाच्या मागेपुढे लावू नयेत, असं सांगितलं. आपण लग्नपत्रिकेतसुद्धा लावतो.

सेनापती बापटांचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलंय. पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे. शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले आणि पॅरिसमध्ये बॉम्ब करायची विद्या शिकून आले. असा माणूस सेनापती झाला तो बॉम्बमुळे नव्हे, मुळशीमुळे. टाटांच्या धरणात मावळातली गावं बुडणार होती, भाताची खाचरं बुडणार होती. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सैन्य म्हणजे मावळे, बायका, पोरं. शेवटी बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि लांबचा तुरुंग भोगला. धरण झालंच. म्हणजे हा हरलेल्या लढाईचा सेनापती. आता गंमत बघा. मुळशीच्या पाण्यावर झालेली वीज मुंबईला गेली. आणि मुंबईत सेनापती बापट मार्ग कुठे आहे? दादरपासून परळच्या गिरण्यांच्या कडेकडेने, जुना तुळशी पाइप रोड. ज्या गिरण्या टाटांच्या विजेवर चालल्या, त्यांच्या भिंतींना खेटून. मी त्या रस्त्यावरून बसने जाते तेव्हा गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती बघते, आत भर दुपारी दिवे लागलेले असतात, आणि बसवरच्या कंडक्टरला ना सेनापती माहीत ना बापट. तो "तुलसी पाइप, तुलसी पाइप" असं ओरडतो. पुण्यात तर ते 'एस. बी. रोड' आहेत. नाव बुडवायला धरणच लागतं असं नाही. हा सेनापती हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा, आणि स्वातंत्र्यानंतर गोवामुक्तीत आणि संयुक्त महाराष्ट्रात सत्तरी उलटल्यावर उभा राहायचा. त्यांच्याबद्दल मला एकाही भाषणात कंटाळा आलेला नाही, बहुधा फार कमी लोक भाषण करतात म्हणून.

माझ्या आजीचं माहेर कुंडलच्या बाजूचं. प्रतिसरकारचा, म्हणजे बेचाळीसच्या लढ्यात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारचा मुलूख. तिथल्या उपाध्या ऐकायला हव्यात. नाना पाटील क्रांतिसिंह, ते ठीक, पण बाकीचे? कॅप्टन भाऊ. जी. डी. बापू. प्रतिसरकारच्या तुफान सेनेतला हुद्दा आणि त्याला लागून भाऊ, बापू. घरातलं आणि फोटोतलं एकाच हाकेत. आजी मात्र एवढंही म्हणायची नाही. "रातच्याला पोरं यायची," ती सांगायची. "भाकरी थापायला बसलं की थापत ऱ्हायचं. कोण हाय, कुठलं हाय, इचारायचं न्हाई. इचारलं तर पोलिसानं मारल्यावर तोंडातनं येईल की." नाव न विचारण्याचा शिरस्ता. त्या रात्रीच्या कुठल्याच पोराला तिने क्रांतिवीर म्हटलं नाही. त्यातला एक जण सारखा मीठ जास्त मागायचा, एवढं तिला पन्नास वर्षांनीही आठवत होतं. चुलीपुढची तिची आणि तिच्या जावांची ती राखेने माखलेली रात्रपाळी कुठल्याच कागदावर आली नाही. १९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांचं निवृत्तिवेतन सुरू झालं त्याला किमान सहा महिन्यांच्या तुरुंगाचा किंवा तेवढं भूमिगत असल्याचा पुरावा लागायचा. भाकरी थापल्याचा दाखला कोणता मामलेदार देणार?

माझे एक चुलतआजोबा तुरुंगात जाऊन आलेले होते, त्यामुळे त्यांचा कागद होता. आबा. त्यांना ताम्रपट मिळाला, तो काचेच्या चौकटीत बसवून ओसरीवर लावला, आणि पुढे काच तडकली तशी ती तडकलेलीच राहिली. सरकारदरबारी ते स्वातंत्र्यसैनिक; गावाने त्यांना पदवी दिली ती 'पेन्शनर आबा'. यात चेष्टा होती, थोडा मत्सर होता, कारण गावात महिन्याच्या महिन्याला रोकड येणारं ते आणि शाळामास्तराचं अशी दोनच घरं. आबांना त्याचं काही वाटायचं नाही. १५ ऑगस्टला झेंड्याला जाताना तेवढी टोपी कडक इस्त्रीची. सत्काराचा नारळ ते परत येताना वाटेतच कुणाला तरी देऊन टाकायचे.

आता चौकाचौकातल्या फ्लेक्सवर कार्यसम्राट आहेत, लोकनेते आहेत, युवाहृदयसम्राट तर गल्लीला दोन आहेत. त्याबद्दल लिहिण्यात अर्थ नाही, तुम्ही खिडकीतून बघताच. मला खटकतं ते वेगळं. लोकमान्य, महात्मा हे शब्द उच्चारायला तेव्हा काहीतरी मोजावं लागायचं. नोकरी, मजुरी, जातीतलं स्थान, कधी डोकं. आता त्या शब्दांसाठी काही मोजावं लागत नाही. उलट ते गाळले तर दंड. एकच उपाधी मला दिसते जी अजून गरम आहे. सावरकरांच्या आधी तुम्ही स्वातंत्र्यवीर लावता की नाही, यावरून समोरचा दोन सेकंदांत तुमचा पक्ष, तुमचा टीव्ही चॅनल आणि निम्मे नातेवाईक ओळखतो. लावलं तरी फसलात, गाळलं तरी फसलात. बघून वैताग येतो, पण १८८८ च्या पुण्यात जोतीरावांना महात्मा म्हणताना हवा अशीच तापत असणार, हे मला या भांडणामुळेच कळतं. तसं डॉ. आंबेडकरांनी १९४३ मध्ये पुण्यात, गोखले हॉलमध्ये, रानड्यांच्या जयंतीला उभं राहून विभूतिपूजेची चांगली खरडपट्टी काढली होती. आणि त्यांना मी इथे डॉ. आंबेडकर लिहिलं, बाबासाहेब नाही लिहिलं, यावरूनही कुणीतरी काहीतरी ताडलंच असेल.

सरांचं "पण आज आहेत ना?" तसं चूक नाही. पदवी मागच्या काळालाही लागू होते, आपण बालशिवाजीलाही महाराज म्हणतोच. पण मग त्या टरफलांच्या गोष्टीत उरतं काय? एका लोकमान्याने मास्तरांना उलट उत्तर दिलं, यात कसली गंमत? ते लोकमान्यच, देणारच. गंमत आहे ती एका अंगापिंडाने किरकोळ पोराने, ज्याला अजून कुणी काही म्हणत नाही, हाताची घडी घालून नाही म्हणण्यात. वेण्यावाल्या मुलीला ते बरोबर कळलं होतं.

हे सगळं डोक्यात असतानाच गावाहून फोन आला, आबांच्या नातवाचा. आमच्या गावात शाळेच्या आवारात १९७२ च्या रौप्यमहोत्सवाचा स्तंभ आहे, काळा दगड, एका बाजूला राज्यघटनेची उद्देशिका आणि दुसऱ्या बाजूला गावातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं. सगळ्यांच्या आधी एकसारखं 'श्री.' कोरलेलं. मधे एका घराने आपल्या आजोबांच्या नावाआधी लाल ऑइलपेंटने बारीक अक्षरांत 'स्वातंत्र्यवीर' लिहून घेतलं. महिन्याभरात वरच्या ओळीतल्या दुसऱ्या घराने 'क्रांतिवीर' लिहिलं. मग 'झुंजार सेनानी'. एकाच्या आधी तर 'लोकनेते' आलंय, कारण त्याचा पणतू पंचायत समितीला उभा राहतोय. ग्रामसभेत विषय निघाला, पुसायचा ठराव एकमताने झाला, आणि रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला जायला एकही माणूस तयार नाही. खालच्या ओळीतली नावं तेवढी 'श्री.'वर आहेत, ती घरं कधीच मुंबईला गेली.

"ताई, आबांना काय लावू?" तो विचारत होता. "तू लिहितीस-बिहितीस म्हणून विचारतोय. चांगली सगळी संपलीत."

मी म्हटलं, "पेन्शनर लाव."

"चेष्टा नको," तो म्हणाला, "पेंटर थांबलाय."